कुंपणाआतले पितर

एकाने केलेल्या पापाचे प्रायश्चित्त त्याच्या शेजाऱ्याने घ्यावे काय, हा प्रश्न माणसाच्या न्यायबुद्धीइतकाच जुना आहे. आणि त्याचे उत्तर देण्याची ज्यांना घाई असते त्यांच्यावर सहसा प्रायश्चित्त घेण्याची पाळी आलेली नसते. निरपराध्याला केलेली शिक्षा ‘शिक्षा’ या नावाने कधी येत नाही. ती खबरदारी म्हणून येते, शिस्त म्हणून येते, कधी तर शोक म्हणूनही येते. परंतु सुतकाचे काय म्हणावे? सुतक धरणाऱ्याने कोणाचा जीव घेतलेला नसतो, तरी तो गोडाला शिवत नाही, देवाला हात लावत नाही, आणि त्यात आपल्यावर अन्याय झाला असे त्याच्या मनातही येत नाही. बंधन तेच, पण एक मान खाली घालायला लावते आणि दुसरे मान ताठ ठेवून पाळता येते. हा भेद कोठून येतो, हे व्हर्ना टॉलिव्हरला साठीच्या उंबरठ्यावर, ओकिनावा बेटावर, सोब्याच्या, म्हणजे रश्श्यातल्या शेवयांच्या, एका वाडग्यापुढे बसलेली असताना कळू लागले, आणि पुरते कळायला शीमीचा सण यावा लागला.

वाडगा नुकताच समोर आला होता. शेवयांवर डुकराच्या मांसाचे दोन जाड तुकडे, वर आल्याची तांबडी चिरी, आणि रश्श्यातून वर येणारी ती वाफ, जिच्यात समुद्रही असतो आणि हाडेही असतात. व्हर्नाने काड्या हातात घेतल्या आणि त्याच क्षणी पिशवीतला फोन थरथरला. अमेरिकन तळावरील शाळेत इतकी वर्षे इतिहास शिकवल्यामुळे सूचना आली की ती वाचून टाकायची, हा तिचा स्वभावच झाला होता. सूचना तळाच्या मुख्यालयाकडून होती. नुकत्याच घडलेल्या घटनेच्या पार्श्वभूमीवर आणि बेटावरील जनतेच्या भावनांचा आदर म्हणून, तळाशी संबंधित सर्वांनी, म्हणजे सैनिकांनी, नागरी नोकरांनी आणि कुटुंबीयांनीही, पुढील आदेशापर्यंत कुंपणाबाहेरील कोणत्याही उपाहारगृहात खाऊ-पिऊ नये, मद्य कोठेही घेऊ नये, घर आणि कामाची जागा यांखेरीज कोठे जाऊ नये, बाहेरच्या कोणाच्या घरी पाहुणे म्हणून बसू नये. नागरिकांवर लष्करी हुकूम चालत नाही हे सूचना लिहिणाऱ्यालाही ठाऊक होते. म्हणून शेवटी एवढेच म्हटले होते की न पाळणाऱ्याच्या प्रवेशपत्राचा फेरविचार होईल. प्रवेशपत्रावाचून शाळा नाही, आणि शाळेवाचून व्हर्ना या बेटावर कोण, हे सूचनेत लिहिण्याची आवश्यकता नव्हती.

“काय गं, केस निघाला की काय वाडग्यात?” मित्सुएने गल्ल्यामागून विचारले. मित्सुए इनाफुकू या उपाहारगृहाची मालकीण. तिचा नवरा सेइजुन टॅक्सी चालवी, आणि त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर व्हर्ना भाड्याने राहत असे. “केस नाही,” व्हर्ना म्हणाली, “मला इथे जेवायला बंदी झाली.” “कुणी केली? मी तर नाही केली. एवढी वर्षं फुकटचं मीठ मागून घेतेस, तरी मी केली नाही.” कोपऱ्यातल्या बैठकीवर मित्सुएची सासू कामाडो वाटाणे सोलत बसली होती. नव्वदी ओलांडलेली ही म्हातारी साऱ्या गल्लीची ओबा, म्हणजे आजी. तिने मान वर न करता विचारले, “वर राहायला बंदी आहे का?” “नाही, ओबा.” “आणि जिन्यावर?” “जिन्याचं काही लिहिलेलं नाही.” “मग जिन्यावर बसून खा. जिना ना वर, ना खाली.” मित्सुए खो-खो हसली, आणि व्हर्नाही हसली असती, पण ‘जिन्यावर’ या शब्दाबरोबर तिच्या तळहाताला एका मेणकागदाचा स्पर्श झाला, उबदार, तेलकट, पन्नास वर्षांपूर्वीचा.

अलाबामातील त्या नदीकाठच्या गावात गोऱ्यांच्या खाणावळीला मागच्या बाजूस एक खिडकी होती. काळ्या माणसांनी तेथे पैसे द्यावेत, कागदात गुंडाळलेला मासा घ्यावा आणि मागच्या पायऱ्यांवर बसून खावा, अशी तेथील रीत होती. मासा उत्तम असे. लहान व्हर्ना एकदा पायरीवर बसली तेव्हा वडिलांनी तिचा दंड धरून तिला उठवले. घर येईपर्यंत मासा गार झाला, आणि त्यांनी तो टेबलावर, बशीत, काट्यासुरीने तिला खायला लावला. अमोस टॉलिव्हर गवंडी होते. त्यांच्या नखांतला चुना रविवारीही जात नसे, पण शर्टाची इस्त्री मोडलेली कोणी पाहिली नाही. व्हर्नाने काड्या वाडग्याच्या कडेवर जोडून ठेवल्या. “जिन्यावर नको, ओबा,” ती म्हणाली. कामाडोने आता मान वर केली, तिच्याकडे नीट पाहिले, आणि म्हणाली, “बरं. मित्सुए, उचल तो वाडगा.” मित्सुएने वाडगा उचलला. लाकडावर त्याच्या बुडाचे ओले वर्तुळ राहिले, आणि ते वाळेपर्यंत व्हर्ना तेथेच बसून राहिली, कारण बसून राहण्याविषयीही सूचनेत काही लिहिलेले नव्हते.

ज्या घटनेचे सूचनेत नाव नव्हते ती साऱ्या बेटाला ठाऊक होती. शुश्रूषेचे शिक्षण घेणारी एक मुलगी सायकलवरून घरी चालली होती. तळावरील एका सैनिकाने दारूच्या नशेत तिला उडवले आणि गाडी न थांबवता तो निघून गेला. ती पहाटेपर्यंत रस्त्याच्या कडेला पडून होती. आदल्या दिवशी व्हर्ना जिना उतरत असताना सेइजुनने घाईने दूरदर्शन बंद केले होते. त्या बटणाच्या आवाजाने तिला जे कळले ते बातमीने कळले नसते. सेइजुनने तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. त्याने तर तिला अवघडल्यासारखे वाटू नये म्हणून बटण दाबले होते. आणि नेमके त्या सौजन्यानेच ती क्षणभर ‘त्यांच्यातली’ झाली होती. मी तो नाही, असे तिला ओरडून सांगावेसे वाटले होते. पण कोणी म्हटलेच नव्हते की तू तो आहेस. न केलेल्या आरोपाला उत्तर कसे द्यावे? ती खालच्या पायरीवर थांबली, म्हणाली, “सेइजुन-सान, मी ऐकलंय. लावा परत.” त्याने लावले. दोघांनी उभ्यानेच त्या मुलीचे छायाचित्र पाहिले. पांढरी टोपी नीट बसवण्यासाठी लावलेल्या पिना कानांमागे दिसत होत्या.

शीमी आठवड्यावर आली होती. वसंतात बेटावरील प्रत्येक कुटुंब डबे घेऊन आपल्या पितरांच्या घरी जाते. घरीच म्हणायचे, कारण तेथील कबरी कासवाच्या पाठीसारख्या किंवा, कामाडोच्या शब्दांत, आईच्या पोटासारख्या असतात, आणि पुढे बसायला अंगण असते. त्या अंगणात चटया पसरून मेलेल्यांसह जेवायचे, हसायचे, पोरांनी धावायचे. इनाफुकूंचे पितर मात्र तळाच्या कुंपणाआत होते. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईनंतर अमेरिकन सैन्याने साऱ्या बेटवासीयांना छावण्यांत कोंडले. कामाडो छावणीतून सुटून परतली तेव्हा तिचे गाव उरले नव्हते. तेथे तारेचे कुंपण होते आणि कुंपणाआड सपाट केलेली जमीन. टेकडीच्या पोटातली कबर तेवढी वाचली, कारण टेकडी खणणे जड होते. आता त्या टेकडीच्या पायथ्याशी शाळेचे क्रीडांगण होते. दरवर्षी शीमीला इनाफुकूंना आत जाण्याची परवानगी लागे आणि आतले कोणीतरी सोबत लागे. ही सोबत व्हर्नाने शाळेत रुजू झाल्यापासून केली होती. पाहुण्यांना यजमान म्हणून फाटकातून आत नेताना तिला प्रत्येक वेळी उलटे काहीतरी आपण करत आहोत असे वाटे, आणि कामाडो प्रत्येक वेळी गाडीच्या खिडकीतून पहारेकऱ्याला म्हणे, “माझ्याच घरी चाललेय रे बाबा, उशीर झाला तर सासू रागावेल.” यंदा मात्र दुपारी सूचनेला पुरवणी आली. बाहेरील पाहुण्यांचे सर्व प्रवेश तूर्त स्थगित.

“म्हणजे ते तुला बाहेर सोडत नाहीत आणि मला आत,” कामाडो म्हणाली. त्यांचे बोलणे आता परसात होई, व्हर्ना वरच्या सज्जात आणि म्हातारी खाली कपड्यांच्या दोरीशी. सज्जा हे घरच होते. व्हर्नाला ती सेन्सेई, म्हणजे शिक्षिका, म्हणे. “छावणीत असंच होतं. तारेत घातलं सगळ्यांना. कोण लढलं, कोण नाही, कोण तान्हं, कोण आजारी, निवडत बसायला त्यांना वेळ नव्हता. म्हणायचे, तुमच्याच भल्यासाठी आहे. असेलही. भात द्यायचे, औषध द्यायचे. मला तारेचा राग नव्हता, सेन्सेई. सकाळी रांगेत उभं करून काठीच्या टोकाने मोजायचे ना, त्याचा होता. मी आपलं नाव सांगायची मोठ्यांदा, प्रत्येक वेळी. त्याला कळायचं नाही. तरी सांगायची.” व्हर्नाने कठड्यावर हात टेकला. लोखंड उन्हाने तापले होते. ती बारा वर्षांची असताना गावात एका काळ्या मुलाने पेट्रोलपंपाची काच फोडली, आणि नगरपालिकेने नदीपलीकडच्या काळ्यांच्या सगळ्या वस्तीने संध्याकाळनंतर घराबाहेर पडायचे नाही असा हुकूम काढला. न्यायालयाच्या इमारतीची भिंत तेव्हा अमोसच्या हाती अर्धी झालेली होती, आणि काम रात्रीही करून लवकर उरकायचे होते. ठेकेदार स्वतः ओसरीपर्यंत आला. म्हणाला, अमोस, तू चांगला माणूस आहेस, तुला मी सवलतीचा कागद आणून दिलाय, तू ये-जा कर. वडिलांनी कागदाला हात लावला नाही. त्यांनी एवढेच विचारले, “मी चांगला आहे म्हणून मला सोडताय, की बाकीचे वाईट आहेत असं माझ्या तोंडून वदवून घेताय?” हुकूम उठेपर्यंत ते रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीवर खुर्चीत ताठ बसत, रस्त्यावरून फिरणाऱ्या पोलिसांच्या गाडीला मान लववून ‘शुभ संध्याकाळ’ म्हणत. भिंत तशीच अर्धी राहिली. पुढे ती दुसऱ्या कोणी पुरी केली आणि दोन हातांच्या विटा वेगळ्या दिसत. गावाला गेली की व्हर्ना ती भिंत पाहून येई. तिच्या घराण्याकडे जमीन नव्हती, दागिना नव्हता. वारसा म्हणून ती विटांची सीमारेषाच होती.

तळावरील नागरिकांचे म्हणणे ऐकण्यासाठी तळप्रमुख कर्नल ओस्टरमन यांनी शाळेच्या सभागृहात सर्वांना बोलावले. उंच, थकलेला, दाढी करताना हनुवटीवर कापून घेतलेला माणूस. लोक तापलेले होते. “मी बाप्टिस्ट आहे, कर्नल,” एका अभियंत्याची बायको म्हणाली, “जन्मात थेंब घेतला नाही. माझ्यावर दारूबंदी म्हणजे माशाला पोहायला बंदी नव्हे, मांजराला!” हशा पिकला. कोणी म्हणाले, आम्ही गणवेशातले नाही, आमच्यावर ना खटला ना सुनावणी, हा कुठला न्याय? कर्नल शांतपणे सांगत होते की बेट शोकात आहे, अशा वेळी आपण मद्यालयांत हसताना दिसणे शोभत नाही, आणि शोभत नाही हे काहींना सांगावे लागते. सगळ्यांना सांगितले म्हणजे कोणाला वेगळे काढले असे होत नाही. यात तथ्य नव्हते असे नाही. व्हर्नाला जे बोलायचे होते ते तिने वर्गात मुलांना उत्तर विचारावे तशा आवाजात, उभे राहून सांगितले. “शोक करायला मी तयार आहे, सर. तो तुमच्या हुकमाच्या आधीच मी धरला होता. पण हुकमाने धरलेल्या शोकाला आमच्याकडे शिक्षा म्हणतात, आणि शिक्षेआधी अपराध विचारायची पद्धत आहे. दुसरं, सूचना मी पुन्हापुन्हा वाचली. तिच्यात माझ्या जेवणाचा उल्लेख आहे, माझ्या गाडीचा आहे, त्या मुलीच्या नावाचा नाही. ज्यांच्या आदरासाठी हे आहे त्यांच्यातलं एकही नाव नाही. तिचं नाव काय, सर?”

व्हर्नाला, खरे सांगायचे तर, कर्नलांना उत्तर येणार नाही अशी खात्री होती. त्या खात्रीची गोडी तिच्या जिभेवर आली होती. “शिनोबू,” कर्नल म्हणाले. आडनावही त्यांनी बेटावरचे लोक उच्चारतात तसे उच्चारले. “तिचे वडील चर्मवाद्ये दुरुस्त करतात. मी काल त्यांच्या दारात उभा होतो, गणवेशात. त्यांनी दार उघडलं नाही. तो त्यांचा हक्क आहे. मी वाकलो आणि परत आलो.” मग ते म्हणाले, “नाव घालायला हवं होतं. तुमचं बरोबर आहे.” जिभेवरची गोडी गेली. एका माणसाला, अधिकाऱ्याला, बंद दारापुढे वाकलेले तिने मनात पाहिले. त्याच्याही हातून काही घडले नव्हते. हाही त्या सैनिकाशी नात्याने बांधलेला, असे तिला वाटले, आणि ज्याने स्वतः सुतक धरले आहे त्याला ते इतरांना हुकमाने का द्यावेसे वाटले असावे, हे कोडे ती पुढे कितीतरी दिवस उलगडत राहिली.

सभा संपल्यावर त्यांनी तिला बाजूला घेतले. “मिस टॉलिव्हर, तुम्ही ज्या घरी राहता त्यांची हकीकत मला समजली. तुमची इतकी वर्षं, तुमचा लौकिक. तुमच्यापुरती सूट मी देऊ शकतो. खाली जाऊन जेवा, त्यांच्यात बसा.” “आणि म्हातारीला आत?” “बाहेरच्यांना सोडता येत नाही. तिथे अपवाद केला तर नियम राहत नाही.” “माझ्यासाठी केला तर राहतो?” व्हर्नाच्या पाठीच्या कण्यातून कोणीतरी हळूच उठून उभे राहिले, चुन्याच्या नखांचे, इस्त्रीच्या शर्टाचे. “मग राहू द्या,” ती म्हणाली. “मी चांगली आहे म्हणून मला सोडलंत, तर ही सगळी माणसं वाईट ठरतील. ती बाप्टिस्ट बाईसुद्धा.” कर्नलांच्या कापलेल्या हनुवटीवर हसू आले नाही, पण डोळ्यांत आले. ते म्हणाले, “तुम्ही इतिहास शिकवता ना?” “हो.” “वाटलंच.”

“घ्यायची होतीस सूट, वेडे!” कामाडो खालून ओरडली. “इथे माझ्याशी बोलायला कोण आहे? ही मित्सुए तर रश्श्याशी बोलते.” “रश्श्याला अक्कल असते,” स्वयंपाकघरातून मित्सुए म्हणाली. “ओबा, माझ्या वडिलांनी घेतली नसती.” “हट्टी होता तुझा बाप?” “होता.” “माझाही. म्हणून तर नांगराला बैल कमी असला की आई त्याला जुंपायची, असं म्हणायची.” मग म्हातारी गंभीर झाली. दोरीवरचा पंचा तिने उगाच चापूनचोपून सरळ केला. “हे बघ, सेन्सेई. पुढच्या शीमीला मी अंगणात बसेन की पोटात, कोण जाणे. यंदा आमचं जेवण चुकता कामा नये. आम्ही कुंपणाबाहेर चटई टाकू, टेकडीकडे तोंड करून लांबून हात जोडू. तशी रीत आहे, ज्याला जाता येत नाही त्याने लांबून जोडावे. पण डबा लांबून पोचत नाही. तू आत जातेसच शाळेला. तू वाढ.” व्हर्ना कठड्यावर वाकली. मग म्हणाली, “मी तुमच्या घरची नाही, ओबा. ते माझ्या हातचं कसं घेतील?” कामाडो पंचा सोडून वर बघू लागली, ऊन तिच्या डोळ्यांत जात होते. “मला सासूने पहिल्यांदा नेलं तेव्हा मीही नव्हते.”

शीमीच्या सकाळी मित्सुएने लाखेचे डबे जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवले. मांस, तळलेले टोफू, गाठ मारलेले समुद्रशेवाळ, भाताचे पांढरे गोळे. आणि शेजारी अवामोरीची, तांदळाच्या दारूची, छोटी बाटली. फाटकावर गाकिया होता, बेटावरचाच, पहाऱ्याच्या नोकरीत केस पिकलेला. त्याने बाटली उचलून उन्हात धरली. “सेन्सेई, यावर बंदी आहे. कोठेही घ्यायची नाही असं लिहिलंय.” “मी घेणार नाही, गाकिया-सान. इनाफुकूंचे पितर घेतील.” तो विचारात पडला; त्याच्या घराण्याची कबर दुसऱ्या एका तळाच्या धावपट्टीपलीकडे होती, हे व्हर्नाला ठाऊक होते. “सूचनेत सैनिक आहेत, नागरिक आहेत, कुटुंबीय आहेत,” तो सावकाश म्हणाला. “मेलेल्यांचा उल्लेख नाही. आणि ते कुंपणाच्या आधीपासून आत आहेत, त्यांना प्रवेशपत्र मी कुठून विचारू?” त्याने बाटली डब्यांमध्ये नीट टेकवून ठेवली, सांडू नये अशी, आणि फाटकाचा दांडा वर गेला.

टेकडीवर वाऱ्याला गवताचा वास होता. क्रीडांगण रिकामे होते. कुंपण टेकडीच्या कुशीपासून हाकेच्या अंतरावर, आणि कुंपणापलीकडे, रस्त्याच्या कडेला, निळ्या चटईवर तिघे बसलेले. सेइजुनने टॅक्सी आडवी लावून आईवर सावली धरली होती. व्हर्नाने हात वर केला. कामाडोने केला नाही. ती कामात होती, उदबत्त्या मोजून काढत होती. व्हर्ना चपला काढून अंगणात आली, आणि डबा घेऊन डावीकडे वळली, तोच कुंपणापलीकडून आरोळी आली, “अगं कुठे! डावा देव!” व्हर्ना थबकली आणि तिला हसू फुटले. पहिल्या वर्षीही तिने हेच केले होते. पितरांच्या आधी जागेच्या देवाला द्यायचे, आणि त्या देवाला डावा देव म्हणतात; म्हणून ती सरळ आपल्या डाव्या हाताला गेली होती. तेव्हा कामाडो हसून हसून खाली बसली होती. “डावा कुणाचा, सेन्सेई? तुझा? घर कुणाचं आहे? ते आतून बाहेर बघतायत. त्यांचा डावा तो तुझा उजवा.” एवढ्या वर्षांनी, एकटीने येताच, पाऊल पुन्हा आपल्याच बाजूने मोजायला गेले. ती उजवीकडे गेली, डाव्या देवापुढे भाताचा गोळा ठेवला, आणि मग, का ते तिला सांगता आले नसते, कबरीच्या दाराकडे पाठ करून क्षणभर त्यांच्यासारखी बाहेर पाहत उभी राहिली. समोर तारा होत्या आणि तारांपलीकडे त्यांची सून, नातू, नातसून. येथून पाहिले तर कोंडलेले कोण आणि मोकळे कोण, हे तारेला पाहून सांगता येत नव्हते. फक्त एवढे दिसत होते की जेवायला बसायचे आहे आणि पंगत मधोमध कापली आहे.

तिने डबे उघडले, बाटलीतली दारू तीन वेळा जमिनीवर ओतली. वास तिच्या नाकाशी आला, कडक, गोड; तिने बोटही ओठाला लावले नाही. बाहेर कामाडो खड्या आवाजात बोलू लागली. देवापितरांपुढे गेलेल्याने आपला पत्ता, नाव, जन्मवर्षाचा प्राणी सांगायचा असतो, नाहीतर कोण आले ते त्यांना कळत नाही. तिने सेइजुनचे सांगितले, मित्सुएचे सांगितले, आपले सांगितले, आणि आवाज आणखी चढवला: “आणि तुमच्या अंगणात उभी आहे ती व्हर्ना. वाघाच्या वर्षाची. राहते आमच्याच घरी, वरच्या मजल्यावर. आज आमच्या सगळ्यांच्या वतीने हीच वाढते आहे. हट्टी आहे, पण हात स्वच्छ आहे. हिच्या हातचं घ्या.” व्हर्नाच्या डोळ्यांपुढे छावणीतली रांग आली, काठीचे टोक, आणि आपले नाव मोठ्यांदा सांगणारी एक तरुण बाई. आता तोच गळा व्हर्नाचे नाव सांगत होता. तिने गुडघे टेकले. तिने आपल्या तोंडाने एकच भर घातली: “अमोस टॉलिव्हरची मुलगी,” ती बेटाच्या भाषेत म्हणाली, “आणि शिनोबूसाठीही वाढते आहे. ती नवीन आहे तुमच्यात. तिला जवळ बसवा.” मग तिने कुंपणापलीकडे पाहिले. “खा गं!” कामाडो ओरडली. “न खाता उठलीस तर तेही उपाशी उठतील!” व्हर्नाने शेवाळाची गाठ तोंडात घातली. पलीकडे मित्सुएने आपल्या डब्याचे झाकण काढले. वाऱ्याने मधल्या तारा किणकिणत होत्या, आणि चौघांनी एकाच वेळी, एकमेकांकडे पाहत, घास चावला.

सूचना नंतर मागे घेतली गेली, अपेक्षेपेक्षा लवकरच. त्या संध्याकाळी फाटकातून गाड्यांची रांग लागली, गल्लीत दिवे लागले, बाप्टिस्ट बाईसुद्धा नवऱ्यासह मासे खाताना दिसल्याचे मित्सुएने हसत हसत सांगितले. तिने वाडगा भरून समोर ठेवला. व्हर्नाने तो दोन्ही हातांनी हलकेच मागे सारला. “अजून नाही. शिनोबूच्या सुतकाचा सातवा, शेवटचा आठवडा होऊ दे. मग.” मित्सुएने वाडगा उचलला. गल्ल्यामागे बसलेल्या सेइजुनने टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. कामाडो वाटाणे सोलत होती, ती म्हणाली, “आता कुणी मोजत नाही तुला.” “म्हणूनच, ओबा,” व्हर्ना म्हणाली, आणि वर गेली; आणि जिना चढताना तिला जाणवले की आपली पाठ ओसरीवरल्या त्या खुर्चीतल्या पाठीइतकी सरळ आहे, आणि ती सरळ ठेवायला काही करावे लागत नाही.

सातवा आठवडा सरला. मुलीच्या घरी त्या दिवशी दार उघडले गेले आणि कोणकोण आत गेले, ते गल्लीत कोणी बोलून दाखवले नाही. व्हर्ना खाली आली, आपल्या जागी बसली. वाफ वर आली. तिने काड्या उचलण्यापूर्वी हात जोडले आणि बेटाच्या रीतीने, ओठांतल्या ओठांत, पत्ते आणि नावे सांगत गेली. शिनोबूला पुढची वाट सुकर होवो. ज्या बापाने दार लावले त्याला झोप लागो, आणि जो दाराबाहेर वाकला त्यालाही. ज्याच्या हातून हे घडले त्याला आपले नाव मोठ्यांदा सांगण्याचे धैर्य मिळो. अर्ध्या भिंतीच्या विटांना ऊन लागत राहो. आणि या म्हाताऱ्या बाईला पुढच्या वसंतात कुंपणाच्या कोणत्याही बाजूने का होईना, आपल्या माणसांच्या पंगतीत जागा असो.